फोटो तिचा, नाव दुसरीचं

आमच्या सोसायटीच्या गेटवर, वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला एक फाइल टांगलेली असते. तिच्यात घरकामाला येणाऱ्या बायकांची यादी आहे. प्रत्येकीचं नाव, फोटो, कोणत्या विंगमध्ये कोणाकडे काम, आणि शेवटी शेरा. ही यादी मी केली. दोन वर्षांपूर्वी तिच्यामुळे एका बाईला गेटवर चोर ठरवलं गेलं आणि तिची पाच घरं सुटली. चूक माझी होती. ती मला त्याच दिवशी संध्याकाळी कळली होती आणि मी बोललो नाही. लोक मला अबोल म्हणतात, शांत म्हणतात, ‘त्यांचा कोणाला त्रास नाही’ असंही म्हणतात. त्या शांतपणाचाच आता मला संताप येतो.

नाशिक रोडला आमच्या तीन विंग आहेत. अध्यक्ष नोटांच्या छापखान्यातून, प्रेसमधून, निवृत्त झालेले. “आम्ही रोज झडती देऊन आत जायचो आणि झडती देऊन बाहेर यायचो. आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. मग यांना काय होतंय?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बी विंगमधल्या एका घरातून मोबाइल गेला, संशय स्वयंपाकाच्या बाईवर आला, तिला काढून टाकलं. पोलिसांत कोणी गेलं नाही. मोबाइल मागाहून पलंगाच्या फटीत सापडला असंही मी ऐकलं, पण ते मोठ्याने कोणी बोललं नाही. तेवढ्यावरून मीटिंग बोलावली आणि ठरलं, की सगळ्या कामवाल्यांची नोंद करायची आणि जिला बंदी आहे तिची ओळ लाल करायची.

त्या मीटिंगमध्ये मीही एक शहाणपण केलं. म्हणालो, “वॉचमन काकांना सही येते, पण वाचायला वेळ लागतो. नावापुढे फोटो टाकू. काका चेहरा बघतील आणि सोडतील.”

“बघा, याला म्हणतात डोकं!” अध्यक्ष म्हणाले. टाळ्या वाजल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कंपनीत मी स्टोअरला आहे, एक्सेल माझ्या हाताखालून जातं, आणि घराबाहेर त्याचं कौतुक झालेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आपल्या दारात येणाऱ्या पाहुण्याचा, कुरिअरवाल्याचा, गॅसवाल्याचा फोटो कोणी मागितला नव्हता, हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

फोटो गोळा झाले ते असे. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे बायकांनी आधार कार्ड द्यायचं, त्याने ते स्कॅन करून वर्डच्या फाइलमध्ये टाकायचं, आणि त्या फाइली मला पाठवायच्या. काही बायका एका एजन्सीतर्फे येत, बी विंगमधून काढलेलीही त्यांतलीच. त्या एजन्सीने आपल्या वेबसाइटच्या पानावर सगळ्यांचे फोटो लावून ठेवले होते. ना पासवर्ड, ना काही. नाव टाकलं की चेहरा समोर, कोणीही बघावं. मी एकेक फोटो त्या पानावरून आणि वर्डच्या फाइलींमधून उचलला, एक्सेलमध्ये आणून नावासमोर ठेवला, कोपरा धरून लहान केला. दोन रविवार गेले. चाळीस बायकांचे चाळीस चेहरे. त्यांतल्या एकीलाही आम्ही विचारलं नव्हतं, की बाई, तुझा चेहरा गेटवर टांगला तर चालेल का?

आता यातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिथेच घडलं. एक्सेलमध्ये असा आणून ठेवलेला फोटो चौकटीच्या आत नसतो, वर तरंगत असतो. काचेवर टिकली चिकटवावी तसा. दिसायला तो त्या ओळीतलाच दिसतो, पण ओळीचा आणि त्याचा काही संबंध नसतो. फोटो चौकटीपेक्षा जरासुद्धा मोठा राहिला आणि तुम्ही यादीचा क्रम बदललात, की नावं हलतात आणि फोटो जागच्या जागी राहतात. फोटोला चौकटीत बसवून टाकायची सोय आहे, उजवं बटण दाबून दोन मिनिटांत होतं. पण चाळीस वेळा करावं लागतं.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. कंपनीत सुट्या भागांच्या यादीत एका पोराने हीच चूक केली होती आणि बेअरिंगच्या नावापुढे वॉशरचा फोटो आला होता. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. “डोळे आहेत की बटणं?” असं म्हणालो होतो.

रविवारी दुपारी यादी तयार झाली. जेवून उठतो तोच अध्यक्षांचा फोन आला. “नावं अकारविल्हे लावा हो. कशीही लावलीत तर नीट दिसत नाही.” मला मॅच बघायची होती. मी क्रम बदलायचं बटण दाबलं. नावं सरसर हलली. वरच्या तीन-चार ओळी बघितल्या: प्रत्येक नावापुढे एक चेहरा होता. तपासलं ते एवढंच. ते नाव त्या चेहऱ्याचं आहे का, हे मला कळणारच नव्हतं, कारण त्या चाळीस जणींपैकी एकीचंही नाव मला माहीत नव्हतं. प्रिंट काढली, फाइलला लावली, वॉचमन काकांच्या हातात दिली.

“लाल ओळ दिसली की सोडायचं नाही,” मी सांगितलं.

“फोटू बघून ना, साहेब?”

“फोटो बघूनच.”

सोमवारी सकाळी आठला मी स्कूटर घेऊन निघालो. दत्त मंदिर सिग्नलला कंपनीची बस मिळते, ती कोणासाठी थांबत नाही. गेटवर पाच-सात जण जमले होते. मध्ये आमच्याकडे काम करणारी बाई उभी होती. अकरा वर्षं आमच्याकडे होती. पेठकडच्या डोंगरातली. द्राक्षाच्या हंगामात नवऱ्याबरोबर दिंडोरीला उतरली, मग इकडेच राहिली. माझ्या मुलीला कांजण्या झाल्या तेव्हा कडुलिंबाचा पाला आणून देणारी तीच. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मीही म्हणायचो, ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान असून. तिचं वय मला पुढे तिच्या आधार कार्डावरून कळलं.

वॉचमन काका फाइल उघडून उभे होते. तेविसावी ओळ लाल होती. शेरा होता, ‘प्रवेश बंद, चोरीचा संशय’. आणि पुढे तिचा फोटो.

“अवो पण हे नाव माझं नाय!” ती म्हणत होती. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, तिला वाचता येत होतं. “वाचा ना तुमी. नाव बघा. ही मी नाय.”

“फोटू तुझा हाय ना?” काका म्हणाले.

“फोटू माझा हाय, पर नाव दुसरीचं हाय!”

“मग फोटू कुनाचा खोटा असतो व्हय?”

ए विंगमधल्या एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, हिचं नाव काय आहे पण?” त्यांच्या घरीही ती सहा वर्षं धुणं-भांडी करत होती. त्यांनी शेजारणीकडे बघितलं, शेजारणीने खांदे उडवले. कोणालाच माहीत नव्हतं. पाच घरांत मिळून तिच्या नावाला साक्ष द्यायला एक माणूस नव्हता. एकीने मोबाइल काढला आणि त्या पानाचा फोटो घेतला.

तेवढ्यात तिने मला बघितलं.

“दादा! दादा, तुमी सांगा ना यांना. तुमी वळखता ना मला?”

मी घड्याळ बघितलं. माणूस आपल्याला हाका मारतंय आणि मी घड्याळ बघितलं.

“संध्याकाळी बघतो मावशी,” मी म्हणालो आणि स्कूटर काढली.

बसमध्ये बसल्यावर वाटलं, काहीतरी गफलत असेल, निस्तरेल. अध्यक्ष निस्तरतील. आपल्याकडे ‘निस्तरेल’ हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात कोणी निस्तरायचं ते सांगावं लागत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर ओट्याशेजारी सकाळची भांडी तशीच होती. बायको रागाने लाल झालेली. “मावशीला आत सोडलं नाही. चोर म्हणाले तिला. ग्रुपवर बघा काय चाललंय!”

सोसायटीच्या ग्रुपवर त्या पानाचा फोटो होता. तिचा चेहरा, लाल पट्टी, शेरा. खाली, ‘ओळखीच्या सोसायट्यांना पाठवा, सावध राहा.’ त्याखाली अंगठे. एकाने लिहिलं होतं, ‘चेहऱ्यावरूनच वाटायचं.’ अकरा वर्षांत त्या माणसाने तो चेहरा लिफ्टसमोरून जिन्याकडे वळताना तेवढाच बघितला असेल; कामवाल्यांना आमच्याकडे लिफ्ट नाही, जिना आहे.

मी लॅपटॉप उघडला. तेविसावी ओळ. फोटोवर क्लिक केलं, तो उचलला, खाली सरकवला. तो माझ्या हाताबरोबर सहज सुटून आला. बाकीचे उचलून बघितले. सगळे सुटे. चाळीसच्या चाळीस चेहरे चुकीच्या नावांपुढे, आणि अख्ख्या दिवसात ते एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण नाव कोणी वाचलंच नव्हतं. बिघडलं ते फक्त लाल ओळीने.

मी वर्डच्या फाइली पुन्हा उघडल्या, एजन्सीचं पान उघडलं, एकेक चेहरा त्याच्या नावाशी नेऊन ठेवला आणि या वेळी चौकटीत बसवला. तास-सव्वातास लागला. नवी प्रिंट काढून खाली गेलो, फाइलमधली पानं बदलली. वॉचमन काका बघत होते.

“काय झालं, साहेब?”

“थोडं नीट केलं.”

“म्हणजे ती बाई...”

“उद्यापासून सोडा तिला.”

जुनी पानं फाडून खिशात घातली. ग्रुपवर एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? ‘चूक माझी, फोटो माझ्याकडून हलले, त्या बाईंचा काही संबंध नाही.’ मी लिहिली होती. दोनदा लिहिली, दोनदा पुसली. मला भीती कशाची होती? नोकरी जाणार नव्हती, घर जाणार नव्हतं. एक्सेलवाले काका चुकले, एवढंच लोक म्हणाले असते. तेवढंही मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती आधार कार्ड हातात घेऊन आली. गेटवर तिला कोणी अडवलं नाही. पण एक दिवसात बाकी सगळं होऊन गेलं होतं. अध्यक्ष म्हणाले, “नजरचुकीने झालं असेल. पण आता लोकांच्या मनात आलंय, त्याला मी काय करू?” ए विंगमधल्या बाई म्हणाल्या, “काहीतरी असेल म्हणूनच नाव लागलं ना?” नाव! नाव तर दुसरीचं होतं! आणि ती दुसरी, जिचा मोबाइलशी काही संबंध होता की नाही हेही कोणाला ठाऊक नाही, तिच्याबद्दल तर कोणी विचारलंसुद्धा नाही. मीही नाही.

त्या आठवड्यात तीन घरांनी तिला बंद केलं, मग चौथ्याने. पाचवं घर आमचं.

बायको म्हणाली, “मी तिला सोडणार नाही. मला माहितीये ती कशी आहे.”

आणि मी म्हणालो, “काही दिवस थांबू या. उगीच वाद कशाला?”

हे वाक्य मी पुढे दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही. ती यायची, सोफा पुसायची, माझ्याकडे बघायची, आणि मला ते सहन होत नव्हतं. तिला घालवायला मी तिच्याच बदनामीचा आधार घेतला. बायको दोन दिवस भांडली, मग गप्प झाली. मावशी तिसऱ्या दिवशी किल्ली ठेवून गेली.

दोन वर्षं गेली. या उन्हाळ्यात सोसायटीची वार्षिक सभा झाली. आता ॲप आणायचंय, गेटवर कॅमेरा चेहरा ओळखणार. अध्यक्षांनी भाषणात माझा उल्लेख केला. “सुरुवात यांनी केली. फोटोची यादी! तेव्हापासून आपल्याकडे एक चोरी नाही.” पुन्हा टाळ्या.

मी उठलो. म्हणालो, “त्या यादीत फोटो चुकले होते. माझ्या हातून. जिला आपण चोर म्हणालो, तिचा फोटो मी दुसऱ्या बाईच्या नावापुढे लावला होता. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

कोणीतरी हसलं. “अहो, दोन वर्षं झाली त्याला!”

“जाऊ द्या हो,” अध्यक्ष म्हणाले. “तिला कुठेतरी काम मिळालंच असेल. बसा, बसा. चहा येतोय.”

“तिचं नाव कोणाला माहीत आहे का?” मी विचारलं.

“हे काय आता?”

“नाव. या सभागृहात एकाला तरी?”

चहा आला. कप वाटले गेले. मला जो राग आला तो मी याआधी फक्त कंपनीतल्या त्या पोरावर काढला होता, ज्याचा अपराध माझ्याहून शंभरपट लहान होता. माझी बायको तेवढी माझ्याकडे बघत होती. तिला माझी चूक तिथे पहिल्यांदा कळत होती. घरी गेल्यावर एवढंच म्हणाली, “मला तरी सांगायचं होतंत. मी तिला ठेवलं असतं.” मग तिनेच दोन-तीन बायकांना विचारून पत्ता काढला.

ती मुलांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटते. मी दुपारी गेलो. मागच्या दाराशी उभं राहून सगळं सांगितलं. फोटो कसे सुटे होते, क्रम कसा बदलला, जुनी पानं मी कशी फाडली. आमच्या घरी ‘थांबू या’ कोण म्हणालं ते आणि सभेत मी काय बोललो तेही सांगितलं. ती हाताचं पीठ झटकत ऐकत होती.

“म्हंजे त्या दिशी सांजच्यालाच कळलं व्हतं तुमाला?”

“हो.”

“मी दुसऱ्या दिशी आधार कारड दाखवत फिरत व्हते, तवा तुमाला म्हायती व्हतं.”

“हो, मावशी.”

“मावशी नका म्हनू. माझं नाव काय हाय, सांगा.”

मी सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांचं, आडनावासकट, आधार कार्डावर आहे तसं. ते इथे लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही.

“आता माफी मागाया आला का?” ती म्हणाली.

“हो.”

“मला नको माफी. माझा पोरगा त्या फोटूवरून शाळंत भांडून आला व्हता. त्याच्या मास्तरच्या मोबाइलवर आला व्हता माझा फोटू. मेसमधी बरं चाललंय माझं, तुमच्या सोसायटीत याचं नाय मला. पर तुमी सभेत सांगितलं म्हनता. सभेत कोन व्हतं? तुमीच तुमी. मला गेटवर हाकललं. गेटवर सांगा. सकाळच्या आठला, समदे निगतात तवा. मी यीन आनि हुबी ऱ्हाईन.”

“गुरुवारी सांगतो,” मी म्हणालो.

“आनि माझा फोटू काडा तुमच्या त्या मशिनीतून.”

गुरुवारी सकाळी मी पावणेआठला गेटवर उभा राहिलो. ती आली, पोराला घेऊन. तो आता नववीत आहे. वॉचमन काका केबिनमधून बाहेर आले. स्कूटर, गाड्या, शाळेच्या रिक्षा निघत होत्या. मी बोलायला सुरुवात केली. तिचं नाव घेऊन सांगितलं, की या बाईंनी कधी काही चोरलं नव्हतं, फोटो मी चुकवला, कळल्यावर लपवला, आणि माझ्याच घरातून यांना घालवलं. काही जण थांबले. एकाने हॉर्न वाजवला. ए विंगमधल्या बाई पिशवी घेऊन आल्या, ऐकलं, आणि मान खाली घालून आत गेल्या. अध्यक्ष गॅलरीतून ओरडले, “सकाळी सकाळी काय तमाशा लावलाय?”

“तमाशा तेव्हा झाला होता,” मी वर बघून म्हणालो. “तेव्हा तुम्ही खाली नाही आलात.”

वॉचमन काका पुढे आले आणि तिला म्हणाले, “बाय, मी तर कागद बघितला. तू वाच म्हनत व्हतीस, मी वाचलं नाय.” तिने त्यांच्याकडे मान हलवली. माझ्याकडे नाही.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

“चल रे,” ती पोराला म्हणाली, आणि दोघं स्टेशनकडे चालू लागली. मी त्या दिवशी कंपनीत गेलो नाही.

वर येऊन लॅपटॉप उघडला. तिची ओळ मी दोन वर्षांपूर्वी, ती काम सोडून गेल्यावर, सगळ्या प्रतींमधून काढून टाकली होती, म्हणून फोटोही गेला असेल असं धरून चाललो होतो. बॅकअपच्या फाइली उघडून बघितल्या. पहिल्या, चुकलेल्या फाइलच्या एका प्रतीत ओळ नव्हती, पण फोटो तिथेच होता, दुसऱ्या एका बाईच्या फोटोखाली दबलेला. वरचा बाजूला सरकवला तेव्हा दिसला. आधार कार्डावरचा, डोळे ताठ उघडलेले.

तो पुसला. मग दुसऱ्या प्रतीतला, मग वर्डच्या फाइलीतला. ग्रुपवरून पुढे गेलेले किती मोबाइलमध्ये आहेत, ते मला पुसता येणार नाहीत.